जुनी पेटी, आपली पट्टी

मागच्या भागात आपण गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते पाहिलं. आज जरा वेगळा विषय आहे. पेटी. दागिन्यांची नाही, भजनातली, बाजाची पेटी.

आपल्याकडं गावोगाव बायकांची भजनी मंडळं आहेत. टाळ आपले असतात. पेटी मात्र बहुतेक वेळा पुरुषांच्या मंडळाकडून मागून आणायची. एकादशीला ती मिळत नाही, कारण त्या दिवशी त्यांचंच भजन. आणि मिळाली तरी वाजवणारे दादा सोबत येतात. ते आपल्या सवयीनं काळी एक नाहीतर काळी दोन धरतात. पुरुषाच्या गळ्याला ते बरोबरच आहे. बाईचा गळा साधारण काळी चार-पाचला मोकळा होतो. मग त्यांच्या पट्टीत खाली गेलं तर आवाज बसतो, वर गेलं तर किंचाळल्यासारखं होतं. ऐकणारे म्हणतात, बायकांना सूर नाही. सूर असतो हो, पट्टी दुसऱ्याची असते.

नवी पेटी घ्यायची तर दहा हजारांच्या पुढं. महिना शंभर रुपये बचत करणाऱ्या बायांनी ते कुठून आणायचे? म्हणून जुनी शोधली. इस्लापूरजवळच्या एका वाडीतल्या मावशींकडं ती निघाली. त्यांचे मालक भजनी होते, नऊ वर्षांमागं वारले. तेव्हापासून पेटी माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. भंगारवाला चारशे देत होता.

इथं आमच्यात वाद झाला. एकजण म्हणाली, "भंगारवाला चारशे देतोय तर आपण सहाशे देऊ, मावशी खूश होतील." दुसरी म्हणाली, "मावशी आपल्याच गटातल्या हायत ना? मग भंगाराचा भाव कशाला लावायलीस?" माझं मत दुसरीच्या बाजूनं होतं. अडलेल्या बाईची वस्तू स्वस्तात घेणं सावकारालाही जमतं. शेवटी दोन हजार ठरले. गटाच्या अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावला नाही, मंडळातल्या अकरा जणींनी वेगळी वर्गणी काढली आणि तिची वही वेगळी ठेवली.

आता पैसे देण्याआधी काय पाहायचं ते सांगते, कारण रंग बघून पेटी घेणाऱ्या फसतात. आधी सगळे खटके बंद करून भाता भरायचा आणि हात सोडायचा. भाता हळूहळू बसला तर ठीक, फस्सकन बसला तर हवा गळते. मग खटके उघडायचे, एकही पट्टी न दाबता भाता हलवायचा. आवाज यायला नको. एखादा सूर आपोआप गुणगुणला, तर त्या पट्टीची कमान सैल झालीय किंवा खालचं नमद्याचं अस्तर खाल्लं गेलंय. त्यानंतर एकेक पट्टी दाबत जायचं, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. आमच्या पेटीला एकोणचाळीस पट्ट्या. खर्ज आणि नर असे दोन थर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सूर. त्यातले सात मुके होते आणि भात्याच्या घडीत उंदरानं बोटभर भोक पाडलं होतं. लाकूड मात्र सागाचं, टणक. वाळवी लागलेली असती तर फुकटसुद्धा घेऊ नका म्हटलं असतं.

आतला सूर म्हणजे काय, तर पितळेच्या चौकटीवर एका टोकाला ठोकलेली पितळेची बारीक जीभ. हवा गेली की ती थरथरते. सात मुक्यांपैकी चार सूर फक्त धुळीनं अडकले होते. जिभेखालून कागदाची पातळ पट्टी अलगद सरकवली की कचरा निघतो. पितळेवर हिरवट थर दिसला की आपला हात सवयीनं चिंचेकडं जातो. जाऊ देऊ नका. तांब्या-घागर चिंचेनं लखलखते, पण इथं आंबटपणा जीभ खातो आणि सूर बदलतो. मऊ कोरड्या ब्रशनं झटकायचं, तेवढं पुरे. आणि पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीच्या मागं पेन्सिलनं नंबर टाकायचा. सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीची जागा दुसरीला बसत नाही.

भात्याचं भोक पातळ कातड्याचा तुकडा सरसानं चिकटवून बुजवलं. घडीवर जाड ठिगळ लावायचं नाही, भाता दुमडत नाही. इतकं घरी झालं. सूर लावणं मात्र कारागिराचं काम. जिभेचं टोक किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं गेलं की परत येत नाही. म्हणून दोघीजणी पेटी घेऊन रेल्वेनं नांदेडला गेल्या. तीन सूर नवे, बाकीचे लावून घेतले, अठराशे रुपये. येण्या-जाण्यासह सगळं मिळून चार हजारांच्या आसपास.

जाता जाता, ही पेटी मूळची आपली नाही बरं का. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या देबँ नावाच्या माणसानं ती केली. ती पायानं भाता मारायची. मांडी घालून बसून हातानं वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी घडवली. तिच्यात दोन सुरांमधली मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती. याच रेडिओवरून आज मी तिच्याबद्दल बोलतेय! आणि पेटीच्या साथीत देशभर नाव झालेले अप्पा जळगावकर आपल्या मराठवाड्याचे, जालन्याकडचे.

पेटी परत आली तेव्हा मावशींना बोलावलं. नवऱ्याच्या हयातीत त्यांनी पेटीला कधी हात लावला नव्हता, पुसायलासुद्धा नाही. आमची वाजवणारी मुलगी, बारावीला आहे, एकेक पट्टी दाबत होती. मावशी भिंतीला टेकून म्हणाल्या, "तिसरी काळी बसकी वाजायलीय." मुलीनं पुन्हा दाबली. खरंच बसकी होती. तीस-पस्तीस वर्षं चुलीपाशी बसून ऐकलेले कान.

तो एक सूर पुढच्या खेपेला नांदेडला दाखवायचाय. सध्या सोमवार-गुरुवार जेवणं आटोपल्यावर मंदिरात सराव असतो, काळी चारमध्ये. मावशी सध्या फक्त भाता मारतात, आणि डाव्या हाताचा ताल अजून चुकतो. तुमच्या वाडीत कुणाच्या माळ्यावर पेटी पडून असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तुमच्या मंडळाला विचारायला सांगा.