कानातलं गाणं आणि अभ्यासाची वेळ

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘प्रसारमाध्यमे, संगीत आणि आजचा विद्यार्थी’ असा विषय संयोजकांनी आम्हांला दिला आहे. विषयाचे नाव घेतल्याबरोबर मागच्या सतरंजीवरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं, ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. त्यांना वाटलं, आता तासभर मोबाईलला शिव्या ऐकायच्या. वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरही तीच अपेक्षा दिसते आहे. दोघांचीही थोडी निराशा होणार आहे. आमची नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. मुलं अभ्यास का करत नाहीत हे सांगणारे पुष्कळ भेटले. ती अभ्यास नेमका कुठे आणि किती वाजता करतात, हे विचारणारे मात्र फार थोडे.

आपल्या समाजाला गाण्याचं वावडं कधीच नव्हतं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना बाबासाहेब कोण, महाडला काय झालं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह कशासाठी, हे गाण्यातून आणि जलशातून कळलं. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला. पण पत्र वाचायला वाचणारा लागतो. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. जिथे वाचणाराच नव्हता तिथे शाहीर पोहोचला. भीमराव कर्डकांचा जलसा त्या काळात फिरला. वामनदादा कर्डक, जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांनाही लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत ते अक्षरं शिकले आणि मग आयुष्यभर लिहीत, गात राहिले, २००४ साली जाईपर्यंत. तेव्हा ‘गाणं म्हणजे वेळेची नासाडी’ असं कुणी म्हणू लागलं तर आपल्या घरांनी तरी ते मान्य करू नये. गाणं हेच आपलं वर्तमानपत्र होतं.

काही उपासक इथे अष्टशीलाची आठवण देतील. उपोसथाच्या दिवशी नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचं शील आपण घेतो. बरोबर आहे. पण ते त्या दिवसाचं व्रत आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. आणि सोण भिक्षूची गोष्ट तर आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. चालून चालून पायांतून रक्त आलं, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. सोण पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून त्याला समजेल त्या भाषेत सांगितलं. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. असो.

मग अडचण कुठे आहे? आमच्या मते अडचण गाण्यात नाही. पूर्वी गाणं संपायचं, आता ते संपत नाही, ही अडचण आहे.

आजी-आजोबांनो, जरा आठवा. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असायची, बुधवारी रात्री. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. चाळीत एखाद्याच घरी रेडिओ; त्याच्या दारात उभं राहून ऐकायचं, कार्यक्रम संपला की आपापल्या घरी. १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन आलं, तेही सुरुवातीला संध्याकाळचे काही तास. पुढे ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी आपण उधारीवर आणायचो. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. बाजू संपली की बटण टक्कन वर यायचं. दुसरी बाजू लावायची तर उठावं लागायचं. त्या उठण्यात आई हाक मारायची, नळाला पाणी यायचं, पुस्तक आठवायचं. म्हणजे यंत्रच आपल्याला थांबवत होतं. त्यात आपला काही मोठा संयम होता असं समजू नका.

आजचं यंत्र थांबवत नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं तयार असतं, आणि ते आपण निवडलेलंही नसतं. रीलचं तर विचारूच नका. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा पुष्कळ पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर तोच प्रकार सुरू झाला. दुकानाची पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच.

आपल्याच वस्तीतल्या एका मुलीला आम्ही विनंती केली, की एका दिवसाची नोंद ठेव. किती वाजता काय ऐकलंस, काय पाहिलंस. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव सांगणार नाही या अटीवर तिने वही दिली. त्यातलं थोडं सांगतो.

पहाटे साडेपाचला फोनचाच गजर. तो बंद करायला फोन हातात घेतला, की वस्तीच्या ग्रुपवर सुप्रभात-जयभीमची चित्रं. ती पाहण्यात वीस मिनिटं. (ही चित्रं पाठवणारे आपण साठीच्या पुढचेच लोक असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) मग लोकल. डब्यात पुस्तक उघडायला हात मोकळा मिळत नाही, म्हणून इअरफोन. आधी भीमगीतं, मग सिनेमाची, मग जे येईल ते. कॉलेजात नोटस् ग्रुपवर येतात, परीक्षेचं वेळापत्रक फोनवर येतं, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तोही फोनवरच. दुपारी घरी. संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या. आठ ते दहा अभ्यासाची वेळ, आणि तीच घरात मालिकांची वेळ. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. इथे तिने लिहिलंय ते जसंच्या तसं सांगतो: ‘मला गाणं ऐकायचं नसतं. टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून मी गाणं लावते.’

आम्ही ही ओळ दोनदा वाचली. आपण मुलांच्या कानातल्या त्या बोंडांवर किती चिडतो! ‘हाक मारली तरी ऐकू येत नाही’ म्हणतो. अहो, ऐकू येऊ नये म्हणूनच ते घातलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात भिंत घालता येत नाही. तर पोरीने कानात भिंत घातली.

पण तिचा तोटा कसा होतो तेही बघा. शब्द असलेलं गाणं आणि पुस्तकातले शब्द ही दोन्ही डोक्यात एकाच दारातून जायला बघतात. गणितं सोडवताना, जर्नलच्या आकृत्या काढताना गाणं तितकं आडवं येत नाही. पण धडा वाचायचा, पाठ करायचा, त्या वेळी गाण्याचे बोल नक्कीच आड येतात. मुलांनो, हा प्रयोग तुम्ही स्वतः करून बघा, आमच्या शब्दावर जाऊ नका. दोन पानं गाणं लावून वाचा, दोन पानं शांततेत वाचा, मग पुस्तक मिटून काय आठवतं ते लिहा. ज्याला अगदी राहवत नसेल त्याने बोल नसलेलं काही लावावं, बासरी लावावी, सतार लावावी.

वहीत शेवटची नोंद रात्री अकराची आहे. ‘डेटा उरला होता, म्हणून बघत बसले.’ २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं, हे चांगलंच झालं. गरिबाच्या पोरालाही घरबसल्या व्याख्यान ऐकता येऊ लागलं. परंतु हे पॅक रोजच्या हिशेबाचे असतात. दिवसाचा दीड-दोन जीबी, आणि उरलेला सहसा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. आपण तर ताटातला घास टाकत नाही, मग पैसे भरलेला डेटा कसा टाकायचा? मुलगी पावणेएकला झोपली. पुन्हा साडेपाचला गजर. किती तास झाले ते तुम्हीच मोजा, आणि मग ‘पोरगी लेक्चरला पेंगते’ या तक्रारीचा विचार करा. डेटा हा भात नव्हे. तो उरला तर उरू द्यावा.

तेव्हा फोन काढून घ्या, हा उपाय आम्ही सांगणार नाही. तो चालणारही नाही, कारण निम्मं कॉलेजच त्या फोनमध्ये आहे. शिवाय काढून घेताना कुणाचा घेतला जातो? मुलीचा. भावाचा राहतो. २०२० मध्ये कॉलेजं बंद होऊन वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा ज्या घरात एकच फोन होता तिथे तो आधी कुणाच्या हातात गेला, हे इथल्या आयांनी मनाशी आठवावं. आणि संध्याकाळी पार्सल पोहोचवण्याचं काम करून फी भरणारा जो मुलगा आहे, त्याचा तर मालकच त्या फोनमध्ये बसलेला आहे. त्याला ‘फोन बंद कर’ म्हणणं म्हणजे ‘काम सोड’ म्हणणं.

आता आम्ही थोडं कडू बोलणार आहोत. १४ एप्रिल हा आपला सर्वांत मोठा दिवस. आणि विद्यापीठाच्या परीक्षा असतात एप्रिल-मे महिन्यांत. आठवडाभर आधीपासून आपले साऊंड लागतात. बाबासाहेबांचीच गाणी, पण ती अशा आवाजात, की खिडकीची काच थरथरते आणि समोरच्या खोलीत बाबासाहेबांचं नाव घेऊन शिकायला निघालेलं पोरगं पुस्तक मिटून बसतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा आहे. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. काही ठराविक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं. ते दिवस मोजके असतात, आठवडा नव्हे. जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम ठिकठिकाणी होतो, फार चांगली प्रथा आहे. पण सभागृहात मुलं अठरा तास वाचताहेत आणि बाहेर मंडळाचा साऊंड वाजतोय, असंही आम्ही पाहिलं आहे.

बाबासाहेबांचं विद्यार्थीजीवन आपण भाषणात सांगतो, त्यातली एक गोष्ट घाईत सुटते. परळच्या चाळीतल्या गर्दीच्या खोलीत अभ्यास कसा व्हायचा? रामजीबाबा त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवीत, म्हणजे चाळ शांत असताना अभ्यास होई. बापाने स्वतःच्या झोपेची वेळ मुलाच्या अभ्यासासाठी फिरवली होती. घरात जागा नाही म्हणून ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं आणि पुढे, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर, त्यांनीच लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आपण मुलाला ‘बाबासाहेबांसारखा अभ्यास कर’ म्हणतो. रामजीबाबांसारखं आपण काय करतो?

म्हणून आमच्या दोन-तीन सूचना कमिटीपुढे ठेवतो. रात्री साडेआठ ते साडेदहा, मालिका कितीही रंगात आली असली तरी, ज्या घरात परीक्षेचं मूल आहे त्या घरात टीव्ही बंद. आजीबाईंसाठी म्हणाल तर त्या इअरफोनची जागा बदला. नातीच्या कानातला काढून आजीच्या कानात द्या, हल्ली तसे टीव्हीला जोडता येतात. जयंतीचा साऊंड दहाला बंद, आणि परीक्षा सुरू असताना आधीचे आठ दिवस तो लावायचाच नाही. याचा ठराव मंडळाने लेखी करावा. तिसरी गोष्ट या सभागृहाची. वंदना आटोपली की रात्री इथे कुलूप लागतं. एवढी जागा, चार पंखे, आणि समोरच्या गल्लीत मुलं जिन्यावर बसून वाचतात. ही जागा रोज रात्री अकरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी राहावी. दारात एक टोपली ठेवावी, ज्याला फोन लागणार नाही त्याने तो तिथे ठेवावा, सक्ती नको. मुलींसाठी वेगळी बाजू आणि घरी सोडायला एखादी ताई-मावशी, एवढी व्यवस्था महिला मंडळाने अंगावर घ्यावी.

किल्ली कोणाकडे राहणार, हा प्रश्न निघेल हे आम्हांला ठाऊक आहे. कारण प्रत्येक चांगलं काम आपल्याकडे किल्लीवर येऊन थांबतं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी आम्ही मोकळे असतो, तेव्हा आमच्या नावावर ती लिहून घ्यावी. रविवारचा माणूस तुम्ही शोधा. डाव्या बाजूचा पंखा आवाज करतो, तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल.