घरमालक, भाडेकरू आणि अडचणीचा तराजू
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत वडिलार्जित घरांचे मालक आहेत, तसेच भाड्याच्या दोन खोल्यांत संसार उभे केलेले भाडेकरूही आहेत. एका पंक्तीला बसणारी ही माणसे न्यायालयात परस्परांसमोर उभी राहतात, तेव्हा कोणाची बाजू घ्यावी? माझ्या मते, आधी कायद्याचा हेतू समजून घ्यावा.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले. त्यामुळे असंख्य कुटुंबांचे छप्पर टिकले, हे त्याचे पुण्य. परंतु मजुरी आणि कर वाढत गेले, भाडे मात्र गोठले. वाडे खचू लागले आणि दुरुस्तीचे नाव कोणी घेईना. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मालकास दरसाल शेकडा ४ वाढीचा हक्क मिळाला.

हा कायदा भाडेकरूस निराधार सोडत नाही. भाडे थकले, तरी मालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबले पाहिजे. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी दरसाल शेकडा १५ व्याजासह भरणारा, पुढे नियमित भाडे देणारा व दाव्याचा खर्च सोसणारा भाडेकरू आपले घर वाचवू शकतो.

खरी कसोटी लागते ती मालकास जागा स्वतःसाठी हवी असते तेव्हा. समजा, बारामतीच्या पेठेतील दुकान मालकाच्या मुलास धंद्यासाठी हवे आहे. भाडेकरूचे किराणा दुकान तेथेच तीस वर्षे चालले आहे. मालकाची गरज खरी व वाजवी ठरली, तरी न्यायालय तेथे थांबत नाही. हुकूमनाम्याने कोणाची अडचण अधिक होईल, हे ते तोलते. मालकापाशी दुसरी जागा आहे काय? भाडेकरूस अन्यत्र सोय मिळण्याजोगी आहे काय? अर्ध्या जागेने कोणाचीच अडचण होत नसेल, तर तेवढ्यापुरताच हुकूमनामा होतो. ताबा घेऊन मालक महिनाभरात राहावयास आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने जागा दुसऱ्यास दिली, तर भाडेकरूस ती परत मागता येते.

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरची शेती पालटली. पुढे कारखाने व विद्यालये आली आणि भाड्याने राहणारे वाढले. म्हणून सांगतो, तोंडी व्यवहार करू नका. करार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

आपल्या संस्थेने अशा तंट्यांत मध्यस्थी अवश्य करावी. परंतु मालक आपला आणि भाडेकरू परज्ञातीचा असेल, तेव्हाही तराजू तोच राहिला पाहिजे. आप्ताची अडचण आपणांस चटकन दिसते. परक्याची विचारूनच कळते. ती विचारण्याइतकी न्यायबुद्धी आपल्या पंचांनी राखली, तर कित्येक घरे न्यायालयाची पायरी न चढता सुखी होतील.