यंत्र लावले, तरी शीण का?

मोठ्याने घोरणारा माणूस ढाराढूर झोपलेला असतो, असा आपल्याकडे जुना समज आहे. घरातील मुले त्याच्या घोरण्याची नक्कल करतात, आगगाडीतील सहप्रवासी रात्रभर कुरकुरतात, आणि तो स्वतः मात्र सकाळी उठून झोप उत्तम लागल्याचे सांगतो. तरीही दुपारी कचेरीत कागद चाळता चाळता त्याच्या डोळ्यांवर झापड येते. या विसंगतीकडे वैद्यकशास्त्राचे लक्षही उशिराच गेले. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत काम करता करता झोपी जाणारा एक लठ्ठ मुलगा रंगविला होता. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा लक्षणांच्या विकाराला त्या कादंबरीचेच नाव दिले. परंतु अशा रुग्णांचा श्वास झोपेत पुन्हापुन्हा थांबतो आणि त्यामुळे त्यांची झोप मोडते, ही गोष्ट १९६५ साली फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी घेतलेल्या रात्रभराच्या नोंदींतून स्पष्ट झाली. हाच विकार आज स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध, या नावाने ओळखला जातो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाचा मार्गच मिटतो. छाती श्वास घेण्याची धडपड करते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा मोकळा होतो आणि मोठा घुरका घेऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातील काहीच आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला किंवा पुरेसा मंदावला, तर तो एक प्रसंग मोजला जातो. तासाला पाच ते पंधरा प्रसंग म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीस किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र विकार. तासाला तीस याचा अर्थ दर दोन मिनिटांनी कोणीतरी हलवून जागे करणे! चरकसंहितेत निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. हा विकार तो स्तंभ रोज रात्री पोखरीत असतो.

पूर्वी या विकारावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाचा मार्ग करणे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील एका निराळ्या उपायाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नाकावरील मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सतत सोडायची. तो दाब घसा आतून तोलून धरतो. हेच आजचे सीपॅप यंत्र. योग्य रीतीने वापरल्यास काहींना पहिल्याच रात्रीनंतर कित्येक वर्षांत न लाभलेली टवटवी लाभते.

परंतु सर्वांना ती लाभत नाही, आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. तपासणी होते, यंत्र घरी येते, बराच पैसा खर्च होतो, आणि दोन-तीन महिन्यांनी रुग्ण सांगतो की शीण होता तसाच आहे. मग घरची माणसे म्हणतात, यंत्र कुचकामी आहे. यंत्र देणारा म्हणतो, आकडे ठीक आहेत. आणि रुग्ण हळूहळू यंत्र कपाटात ठेवून देतो. कारभारात हुकूम निघणे आणि त्याची अंमलबजावणी होणे या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे कोणीही जाणता मनुष्य मान्य करील. औषधोपचारातही तसेच आहे. यंत्र घेणे हा हुकूम झाला. रात्रभर अखंड श्वास ही अंमलबजावणी. शीण उरला असेल, तर उपचार सोडून न देता अंमलबजावणी कोठे अडली हे क्रमाने शोधावे लागते.

पहिला प्रश्न तासांचा. कित्येकजण रात्री अकराला मुखवटा चढवितात आणि दोन-तीन वाजता अर्धवट झोपेत काढून टाकतात. चार तास झाले, म्हणजे पुष्कळ झाले, असा त्यांचा समज असतो. परंतु स्वप्नांची निद्रा मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते, आणि त्याच वेळी अनेकांचा श्वासरोध सर्वांत वाईट असतो. म्हणजे जेथे रखवालदार हवा, तेथूनच तो निघून गेलेला असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की झोपाळूपणाची तक्रार कमी होण्यास सुमारे चार तासांचा, प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा उतरण्यास सहा तासांचा, आणि दैनंदिन कामाची उमेद परत येण्यास साडेसात तासांचा वापर लागतो. शिवाय जो माणूस मुळात पाचच तास झोपतो, त्याला कोणतेही यंत्र सहावा तास देऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न गळतीचा. मुखवट्याच्या कडेतून किंवा उघड्या तोंडातून हवा निसटली, तर घशापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. अशा वेळी पट्टे करकचून आवळण्याचा मोह होतो. त्याने गळती बहुधा वाढते आणि नाकावर वळ मात्र उठतात. मुखवटा बसून नव्हे, तर आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून बसवावा. त्याचा आकार, झिजलेली गादी, दाढीमिशा, चोंदलेले नाक, यांतील प्रत्येक गोष्ट तपासण्यासारखी आहे. नाक चोंदत असेल तर त्यावर स्वतंत्र उपचार करावा. घसा कोरडा पडत असेल तर हवेला ओलावा देण्याची सोय वापरावी. तोंड उघडे राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा विचारात घ्यावा. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीची तजवीज हाही उपचाराचाच भाग होय.

तिसरा प्रश्न दाबाचा आणि विकाराच्या स्वरूपाचा. वजन वाढले, रात्री मद्य घेतले किंवा उताणे झोपले, तर काल पुरणारा दाब आज अपुरा पडतो. काहींमध्ये उपचाराच्या आरंभी निराळ्याच प्रकारचा श्वासरोध दिसतो. घसा मोकळा असतो, पण मेंदूच श्वासाची आज्ञा क्षणभर देत नाही. बहुतेकांत तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. न ओसरल्यास दाब वाढवून भागत नाही. कधीकधी त्याने तो अधिकच बळावतो. म्हणून दाबाचा फेरफार स्वतःच्या मनाने करू नये.

यंत्राच्या आकड्याविषयीही सावध असावे. तासाला पाचांपेक्षा कमी प्रसंग दिसले, की सर्व आलबेल आहे असे मानले जाते. परंतु घरातील यंत्र हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधते. माणूस झोपला आहे की तळमळत पडला आहे, हे त्याला नीट कळत नाही. जागेपणीचे तासही ते भागाकारात धरते. मुखवटा काढून ठेवल्यानंतरच्या तासांचा तर त्या आकड्यात मागमूसही नसतो. आकडा चांगला आणि माणूस थकलेला, अशी स्थिती टिकून राहिली, तर मुखवटा लावूनच रात्रभराची तपासणी पुन्हा करून घेणे इष्ट असते.

हे सारे नीट असूनही शीण उरला, तर चौथा प्रश्न येतो: हा शीण श्वासरोधाचाच आहे काय? थायरॉइडची मंदता, रक्तक्षय, खिन्नतेचा आजार, झोपेत पायांची अस्वस्थता, ॲलर्जी व वेदना यांवरील गुंगी आणणारी औषधे, रात्रपाळी, अशी अनेक कारणे त्याच दारातून आत येतात. २००९ साली फ्रान्समधील एका पाहणीत यंत्र वापरणाऱ्या ५०२ रुग्णांपैकी सुमारे १२ टक्के अजूनही झोपाळू आढळले. खिन्नता, पायांची अस्वस्थता आणि नार्कोलेप्सी हा निद्राविकार असलेले वगळल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत दुसरे कारण हाती लागण्याजोगे होते. ज्यांच्या बाबतीत काहीच सापडत नाही, त्यांनाही जागृती राखणारी औषधे तज्ज्ञ देऊ शकतो. मात्र ती यंत्राच्या जोडीला असतात, यंत्राच्या जागी नव्हे. ज्यांना मुखवटा सोसतच नाही, त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधन, कुशीवर झोपण्याची सवय, वजन उतरविणे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, हे मार्ग खुले आहेत.

हा लठ्ठ पुरुषांचाच रोग आहे, या समजुतीनेही आपल्याकडे हानी होते. जबड्याच्या ठेवणीमुळे सडपातळ माणसांनाही तो होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतही त्याचे प्रमाण वाढते. परंतु घरातील स्त्रीचा थकवा हा कामाचाच थकवा समजून सोडून दिला जातो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगू नये. दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी: केव्हा निजलो, केव्हा उठलो, मुखवटा केव्हा काढला, कोणती औषधे घेतली. मेलबर्न येथील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली आठ प्रश्नांची एपवर्थ मोजणी घरीही करता येते; चोविसांपैकी दहाहून अधिक गुण म्हणजे झोपाळूपणा जास्त आहे. यंत्राची नोंद आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाची साक्ष, ही दोन्ही त्या कागदाइतकीच मोलाची आहेत. तोवर डोळे मिटत असतील तर मोटार चालवू नये. तेथे धोका केवळ स्वतःपुरता राहत नाही.

सकाळचा शीण हा रुग्णाचा हट्ट नव्हे, की आळसही नव्हे. रात्री काय घडले याची ती साक्ष आहे. ती ऐकून घेणारा डॉक्टर आणि ती नीट सांगणारा रुग्ण एकत्र आले, म्हणजे कपाटात ठेवलेले यंत्र पुन्हा उशाशी येते, आणि वर्षानुवर्षे हरवलेली झोप बहुधा परत मिळते.