शिक्षकांचा वेळ आणि संगणकावरील वर्ग



वर्गातील फळा वापरण्यासाठी पुस्तिका वाचावी लागत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा असंख्य शिक्षकांना हा फळा सोडून संगणकाच्या पडद्यावर वर्ग भरवावा लागला. धडे ठेवणे, गृहपाठ स्वीकारणे, चाचणी घेणे, गुण नोंदविणे ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस अभ्यासक्रम-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. साथ ओसरली तरी या प्रणाली राहिल्या, आणि त्यांच्याविषयीची शिक्षकांची कुरकुरही राहिली. ती कुरकुर आळसातून येते असा समज कार्यालयांतून आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

मूडल ही अशा प्रणालींपैकी जगभर पसरलेली एक. मुंबईच्या आय. आय. टी.तही ती वापरली जाते. तिचे कर्ते मार्टिन दूगियामास हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची दुसरी एक प्रणाली सांभाळीत असत. तिच्याविषयीच्या असमाधानातून त्यांनी मूडल रचली व २००२ साली तिची पहिली आवृत्ती विनामूल्य खुली केली. म्हणजे या प्रणालीचा जन्मच गैरसोयीच्या तक्रारीतून झाला. तरीही पुढे नवनव्या सोयींची भर पडत गेली आणि तिच्याविषयीही तशाच तक्रारी होऊ लागल्या.

एक साधी चाचणी घ्यावयाची आहे असे समजा. विद्यार्थ्यास निकालाचा कोणता भाग केव्हा दिसावा, हे ठरविण्यासाठी मूडलमध्ये एक तक्ता आहे. उत्तरपत्रिका, गुण, अभिप्राय, बरोबर उत्तर अशा त्याच्या ओळी. आणि चाचणी चालू असताना, ती सोडविल्यावर लगेच, नंतर परंतु मुदत संपण्यापूर्वी, मुदत संपल्यावर असे चार रकाने. मिळून पंचवीस-तीस चौकटी होतात. त्यांतील ‘बरोबर उत्तर’ ही चौकट ‘लगेच’च्या रकान्यात खूण केलेली राहिली, तर सकाळी चाचणी देणाऱ्या मुलास सर्व उत्तरे दिसतात आणि सायंकाळी बसणाऱ्यास ती मित्राकडून मिळतात. प्रणाली चुकली असे येथे म्हणता येत नाही. तिने सांगितले तेच केले. मात्र चाचणी वाया जाते, आणि दोष शिक्षकाच्या माथी येतो.

गृहपाठाचेही असेच आहे. त्यास स्वीकारण्याचा प्रारंभ, देय दिनांक, अंतिम बंदी आणि तपासणीची आठवण अशा चार तारखा असतात. देय दिनांक उलटला तरी वही स्वीकारली जाते, केवळ ‘उशिरा’ असा शेरा पडतो. दार खरोखर बंद होते ते तिसऱ्या तारखेस. ‘देय’ या शब्दावरून हा भेद कोणास कळावा?

याचे कारण तंत्रज्ञांच्या अकुशलतेत शोधणे अन्यायाचे होईल. ते बहुधा खरेदीच्या रीतीत आहे. प्रणाली निवडते समिती, वापरतो शिक्षक. समितीपुढे सोयींची यादी येते आणि जिची यादी लांब ती प्रणाली सरस ठरते. एक चाचणी तयार करण्यास किती वेळ लागतो, हा रकाना त्या यादीत सहसा नसतो. (शाळेसाठी बाके घेतानादेखील कोणीतरी बसून पाहतो.) कर्त्यांनाही ही अडचण उमगली असावी, २०२२ साली आलेल्या मूडलच्या चौथ्या आवृत्तीत पडद्याची मांडणी मुख्यत्वे वापरणाऱ्याच्या सोयीसाठी बदलण्यात आली.

उपाय खर्चिक नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, अवघ्या पाच जणांना प्रत्यक्ष काम करावयास लावले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. खरेदीच्या आदेशावर सही होण्यापूर्वी खेड्यापाड्यांतील पाच शिक्षकांना बोलवावे. दहा प्रश्नांची चाचणी तयार करा, एका आजारी विद्यार्थ्यास मुदत वाढवून द्या, गुण नोंदवा, एवढी तीन कामे त्यांना सांगावीत. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने मदत करू नये. शिक्षक कोठे अडतो तेवढे कागदावर टिपावे. तो कागद निविदेच्या फाइलीला जोडावा आणि त्यातील अडचणी दूर करण्याची अट पुरवठादाराच्या करारात घालावी.