वजनकाट्याला न दिसणारा लठ्ठपणा

‘अंगानें भरला आहे’ हा आपल्याकडे अजूनही कौतुकाचाच उद्गार आहे. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या शेंकडा २४ स्त्रियांचें वजन उंचीच्या मानानें जास्त आढळलें. पुरुषांचें प्रमाणही जवळजवळ तेवढेंच. काट्याला न दिसणारा मेद तर या हिशेबांत नाहींच.

या छुप्या मेदाचें उदाहरण पुण्याचेंच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक एकच, २२.३. क्ष-किरणांनीं मोजतां युडकिन यांच्या शरीरांत मेद निघाला शेंकडा ९.१, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२! २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत दोघांच्या छायाचित्रासह हे आंकडे छापून आले.

पोटांत सांचणारी ही चरबी मधुमेहाला वाट करून देते. म्हणून घरांत शिंप्याची फीत असावी. कमरेचा घेर पुरुषांनीं ९० व स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरांच्या आंत राखावा. तो वाढूं लागल्यास चहांतील साखर व फरसाण कमी करून रोज अर्धा तास झपझप चालावें. पंक्तींतला आग्रह पाण्यापुरता ठेवला, तरी पाहुण्याचा मान कमी होत नाहीं.

मात्र याचें मूळ आणखी मागें आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें इंग्लंडमधील बालकांपेक्षां पुष्कळच हलकीं, तरी त्यांच्या कातडीखालील चरबी त्या मानानें कमी नव्हती, असें याज्ञिक यांच्या पाहणींत दिसलें. ज्या मातांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक, त्यांचीं मुलें अधिक चांगल्या वाढीचीं निपजलीं.