हातातील फोनचा धनी कोण?



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. मुक्त आज्ञावलीवर चालणारा आणि आपला खासगीपणा जपणारा स्मार्टफोन कसा सिद्ध करावा आणि तो अडला तर काय करावे, हे मला सांगावयाचे आहे. परंतु या तंत्राच्या मुळाशी एक साधा नागरी प्रश्न आहे. जी वस्तू आपण पैसे मोजून विकत घेतली, तिच्यात काय चालावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. पहिला शब्द ‘मुक्त’. या चळवळीतील इंग्रजी शब्दाला ‘स्वतंत्र’ आणि ‘फुकट’ असे दोन अर्थ चिकटले आहेत. मराठीत मात्र ‘मुक्त’ वेगळा आणि ‘मोफत’ वेगळा. मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, तपासता येतो आणि सुधारता येतो अशी आज्ञावली. दुसरा शब्द ‘खासगीपणा’. त्यासाठी पुष्कळदा ‘गोपनीयता’ हा शब्द योजला जातो. परंतु त्यात काहीतरी दडवून ठेवल्याचा ध्वनी आहे. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शके, म्हणून घरातील सुखदुःख लोक आंतरदेशीय पत्रात लिहीत आणि त्याची घडी डिंकाने चिकटवीत. ती पत्रे लिहिणारे सर्वजण काही गुन्हेगार नव्हते.

आता आपण फोनकडे वळू. अँड्रॉइड ही कार्यप्रणाली असलेला पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या प्रणालीचा गाभा मुक्त आहे. परंतु दुकानातून आणलेल्या बहुतेक फोनांत या गाभ्यावर गूगलच्या आणि फोन बनविणाऱ्या कंपनीच्या बंदिस्त सेवांचा थर चढविलेला असतो. या सेवांना विशेष अधिकार असतात आणि त्यांतील अनेक काढून टाकण्याची मुभा वापरणाऱ्याला नसते.

हा थर बाजूला ठेवून केवळ मुक्त गाभ्यावर उभारलेल्या ज्या प्रणाली आहेत, त्यांपैकी ‘ग्राफीनओएस’ हे उदाहरण मी आज घेत आहे. या कामाचा आरंभ २०१४ साली झाला. सध्याचे नाव त्यास २०१९ मध्ये मिळाले. गमतीची गोष्ट अशी, की गूगलच्या सेवांपासून मोकळीक देणारी ही प्रणाली आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनांच्या आधाराने वाढली आहे. हा विरोधाभास सकारण आहे. बहुतेक फोनांचे कुलूप एकदा उघडून दुसरी प्रणाली बसविली, की ते कुलूप पुन्हा नीट लावता येत नाही. पिक्सेलवर ते लावता येते. शिवाय त्यात किल्ल्या सांभाळणारी स्वतंत्र सुरक्षा-चकती असते, आणि पिक्सेल ८ पासून पुढील फोनांना सात वर्षे दुरुस्त्या पुरविण्याचे आश्वासन आहे.

ही प्रणाली बसविण्याचा क्रम असा आहे. आरंभी फोनमधील छायाचित्रे, पत्ते व कागदपत्रे यांची नक्कल अन्यत्र काढून ठेवावी; कारण पुढील कृतीत फोन पूर्णपणे पुसला जातो, आणि तोही दोनदा. नंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकावे. त्यायोगे विकासकांसाठी राखलेले पर्याय प्रकट होतात. त्यांतील ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय सुरू करावा. मग फोन बंद करून सुरू होताना आवाज कमी करणारे बटण दाबून धरावे. म्हणजे बूटलोडरचा पडदा येतो. आता फोन केबलने संगणकाला जोडावा आणि क्रोमसारख्या ब्राउझरमधून संस्थेच्या संकेतस्थळावरील सूचनांप्रमाणे कुलूप उघडणे, प्रणाली उतरवून घेणे, ती फोनवर चढविणे आणि कुलूप पुन्हा लावणे या चार पायऱ्या क्रमाने पार कराव्यात.

चौथी पायरी अनेकजण गाळतात आणि तेथेच घात होतो. कुलूप लागलेले असेल तर फोन प्रत्येक वेळी सुरू होताना प्रणालीवरील सही पडताळून पाहतो, जसा आपण पाकिटावरील लाखेची मोहोर पाहतो. कुलूप उघडे राहिले तर ही पडताळणी निरर्थक ठरते. कुलूप लावल्यावर दर वेळी पडद्यावर पिवळी सूचना येते, की या फोनवर वेगळी प्रणाली आहे. तिला भिऊ नये. तिच्यासोबत दिसणारी अक्षरे व अंक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या खुणेशी जुळवून पाहावेत. जुळले म्हणजे प्रणाली अस्सल होय.

आता अडचणींचा विचार करू. पहिली आणि सर्वांत क्षुल्लक अडचण केबलची असते. केवळ चार्जिंगसाठी बनविलेल्या स्वस्त केबलने काम मध्येच तुटते. चांगली केबल घ्यावी, ती मधल्या हबला न लावता थेट संगणकाला लावावी, आणि मेजावरील संगणक असल्यास मागच्या बाजूच्या जागेत लावावी. दुसरी अडचण ब्राउझरची. फायरफॉक्समधून हे काम होत नाही, कारण यूएसबीशी बोलण्याची आवश्यक सोय त्यात नाही. ब्राउझरच्या खासगी खिडकीतही साठवणुकीची जागा अपुरी पडते. संगणकावर ३२ जीबी जागा मोकळी ठेवावी. विंडोजवर फोन ओळखला न गेल्यास विंडोजच्या ऐच्छिक अद्ययावतांमधून ड्रायव्हर बसवावा.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय कधी कधी फिकट दिसतो व दाबला जात नाही. प्रथम फोन इंटरनेटला जोडून पाहावा, कारण हा फोन एखाद्या दूरसंचार कंपनीने कुलूपबंद विकला आहे काय, याची चौकशी तो स्वतः करीत असतो. तरीही पर्याय खुला झाला नाही, तर फोन तसाच विकलेला असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेतून आप्तेष्टांनी आणलेल्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या फोनांत हे विशेषेकरून आढळते. म्हणून असा फोन घेण्यापूर्वीच हा पर्याय उघडून पाहावा.

बसविल्यानंतर इंटरनेट चालेना, तर सिमच्या कंपनीने दिलेला एपीएन तपासावा. आवाजी कॉल लागेना, तर व्होल्टे सुरू आहे ना ते पाहावे; जिओसारख्या केवळ ४जी व ५जी जाळ्यावर त्यावाचून कॉल होत नाही. नव्या आवृत्तीमुळे फोन कायमचा बंद पडेल अशी धास्ती बाळगू नये. नवी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात बसते, आणि ती सुरू न झाल्यास फोन आपोआप जुन्या आवृत्तीवर परततो.

या प्रणालीचा खरा लाभ नित्याच्या वापरात कळतो. प्रत्येक अ‍ॅपला इंटरनेट वापरू द्यावे की नाही, हे येथे आपण ठरवितो. मराठीत लिहिण्यासाठी बाहेरचा कळफलक घेतला, तर आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर त्याच्या हातून जाते. येथे त्याची इंटरनेटची परवानगी काढून घेता येते. मग तो लिहिण्यापुरता उरतो. एखादे अ‍ॅप सर्व पत्ते मागत असेल, तर त्यास निवडक दोनचार नावेच दाखविता येतात. गूगल प्लेची गरज भासल्यास तेही बसविता येते. मात्र ते कोणत्याही विशेष अधिकाराविना, इतर अ‍ॅपप्रमाणे कुंपणात राहते.

येथे सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. काही बँकांची अ‍ॅप गूगलचा दाखला असलेल्या फोनवरच चालण्याचा आग्रह धरतात आणि अशा फोनवर चालण्याचे नाकारतात. २०१६ साली यूपीआय आल्यापासून भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत आपले व्यवहार फोनवर होऊ लागले आहेत. ज्याचे निवृत्तिवेतन व औषधपाणी एकाच अ‍ॅपवर अवलंबून आहे, त्याने तत्त्वासाठी आपला हात अडवून घेऊ नये. आपली आवश्यक अ‍ॅप कोणती याची यादी करावी, ती चालतात की नाही याची आधी चौकशी करावी, आणि सर्व व्यवहार सुरळीत होईपर्यंत जुना फोन पुसू नये.

तद्वतच या साधनाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. सिम घातलेला फोन कोणत्या मनोऱ्याच्या परिसरात आहे, हे दूरसंचार कंपनीला कळतेच. साधा कॉल व एसएमएस तिच्याच हातून जातो. आपण सावध राहिलो तरी आपला निरोप ज्याच्याकडे गेला त्याचा फोन असुरक्षित असू शकतो. प्रणाली दार देते. ते लावणे आपल्या हाती असते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु कागदावरचा अधिकार वापरण्यासाठी साधन लागते, आणि साधन वापरण्यासाठी ज्ञान. आजवर हे ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या तंत्रज्ञांपुरतेच राहिले आहे. ते आपापल्या भाषेत, प्रत्येक गावच्या वाचकापर्यंत नेणे हे भाषांतरकाराचे काम आहे, तसेच ते ग्रंथालयाचेही आहे. एक चांगली केबल, एक संगणक आणि ही कृती एकदा हाताखालून गेलेला एक कार्यकर्ता, एवढ्या सामग्रीवर कोणतेही ग्रंथालय महिन्यातून एक दिवस वाचकांना हे साहाय्य देऊ शकेल. कोणता वाचक कोणते पुस्तक नेतो याची वाच्यता न करण्याची शिस्त ग्रंथपालांनी पूर्वीपासून पाळली आहे. तीच शिस्त आज फोनच्या बाबतीत शिकविण्यास त्यांच्याहून योग्य कोण?