अंधारातली अळंबी



मृग बरसून गेला, जंगल चांगलं भिजलं, की भीमाशंकरच्या रानात काही कुजक्या फांद्या रात्री हिरवट दिसू लागतात. अशी फांदी जवळून पाहिली तर साल सुटलेल्या जागी लाकूडच आतून उजळल्यासारखं वाटतं. टॉर्च लावावा, तर तिथे काही नाही, नुसतं काळपट, भुसभुशीत लाकूड. टॉर्च बंद केला तरी लगेच काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर फार थोड्यांना असतो. फोटोत दिसतो तो झगझगीत हिरवा रंग बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून मिळवलेला असतो. प्रत्यक्षातला उजेड फार मंद.

हा उजेड लाकडाचा नव्हे, लाकूड पोखरत वाढणाऱ्या बुरशीच्या धाग्यांचा. हवेशी त्याचा संबंध आहे हे रॉबर्ट बॉइल यांनी 1667 मध्येच दाखवलं होतं. चमकणारा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून त्यांनी आतली हवा उपसली, तसा उजेड विझला. हवा आत सोडली, पुन्हा आला. ऑक्सिजन हे नाव तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं.

आता त्यामागचं रसायन कळलं आहे. कॅफिक आम्ल नावाचा एक साधा पदार्थ वनस्पतींत सर्रास आढळतो, कॉफीतही असतो. ही बुरशी त्यापासून हिस्पिडिन बनवते, आणि त्यात किंचित बदल करून लुसिफेरिन. लुसिफेरेज नावाच्या विकराच्या मदतीने लुसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की हिरवा प्रकाश बाहेर पडतो. नावं काजव्याचीच, पण काजव्यातलं रसायन अगदी वेगळं. या साखळीची जनुकं 2018 मध्ये हाती आली, आणि दोनच वर्षांत ती तंबाखूच्या रोपात घालून अख्खं रोप चमकवून दाखवण्यात आलं.

कसं, ते समजलं. कशासाठी, हा प्रश्न मात्र जास्त गमतीचा आहे.

ब्राझीलमध्ये 1839 साली जॉर्ज गार्डनर या स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञाला रस्त्यात मुलं काहीतरी चमकतं घेऊन खेळताना दिसली. त्याला वाटलं, मोठा काजवा असेल. निघाली अळंबी, बुटक्या ताडाच्या कुजक्या झावळ्यांवर उगवणारी. अंधाऱ्या खोलीत अशा थोड्या अळंब्या ठेवल्या तर वाचता येतं, असं त्याने लिहून ठेवलं. याच जातीवरचं संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. ही अळंबी रात्रंदिवस सारखी चमकत नाही. तिच्यात घड्याळ आहे, आणि उजेडाला लागणारी सामग्री रात्रीच वाढते. मग संशोधकांनी राळेच्या खोट्या अळंब्या केल्या, काहींत हिरवे एलईडी दिवे बसवले, सगळ्यांना चिकट गोंद फासला आणि त्या जंगलात ठेवून दिल्या. दिवा असलेल्यांवर माश्या, भुंगेरे, मुंग्या कितीतरी जास्त चिकटल्या. अर्थ असा, की दाट झाडीत तळाशी वारा पोहोचत नाही, तेव्हा बीजाणू पसरवायला किडे बोलवायचे.

पटलं? थांबा. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका चमकत्या अळंबीवर असाच चिकट सापळ्यांचा प्रयोग झाला. तिथे किडे जास्त आलेच नाहीत. शिवाय काही जातींत छत्री अजिबात चमकत नाही, फक्त लाकडात दडलेले धागे चमकतात. तिथे बीजाणूच नाहीत, मग बोलवायचं कुणाला? मेघालयात 2020 मध्ये नोंदलेल्या जातीत तर नुसता देठ चमकतो, वरची टोपी काळोखीच. बांबूच्या मेलेल्या काठ्यांवर ती उगवते, आणि तिथली माणसं रात्री तिचा दिव्यासारखा वापर करत. मला वाटतं, सगळ्या जातींना एकच कारण लावायचा हट्टच चुकीचा आहे. एखादीला त्या उजेडाचा उपयोग होत असेल. बाकीच्यांत तो लाकूड पचवण्याच्या उद्योगातून आपसूक निघत असेल, आणि फार खर्चिक नसल्यामुळे टिकला असेल.

खाणाऱ्याला दिलेला तो इशारा असावा, असंही काहींना वाटतं. माणसापुरता तरी हा इशारा वाया गेला आहे. जपानमधली एक चमकती अळंबी विषारी आहे आणि दिसायला थेट तिथल्या खाण्याच्या अळंबीसारखी. तिच्यामुळे दर वर्षी तिथे कुणा ना कुणाला उलट्या होऊन दवाखाना गाठावा लागतो. लोक अळंबी तोडायला जातात ते दिवसाउजेडी.